दोन पिस्टन, मध्ये आग

विनोद : ...आणि म्हणून, बायांनो, आजपासून इंजिनाचा इतिहास दोन भागांत सांगितला जाईल. एक, हे इंजिन सुरू होण्याआधीचा. आणि दुसरा...

संगिता : हँडल कुठाय?

विनोद : काय?

संगिता : सुरू करायचं हँडल. का दुसरा भाग धक्का मारून सुरू करणार आहेस?

विनोद : इथेच होतं. सकाळी पुसून, हळद लावून इथे ठेवलं होतं.

बुधीबाई : वाकडं लोखंड ना? ते मी नेलं. खुराड्याला अडणा नव्हता. मुंगूस फिरतोय, जावई.

विनोद : बुधीबाय! ते माझ्या इंजिनाचं हँडल आहे!

बुधीबाई : मग त्याच्यावर नाव घालावं. कोंबड्या आत हायत, हळू काढा. आन् अडण्याला दुसरं काय तरी लावून या.

संगिता : जा. इतिहास थांबेल तेवढा.

बुधीबाई : गेला एकदाचा. संगिते, आता खरं सांग. चालंल का?

संगिता : रिकामं चालतं. महिनाभर ऐकतेय मी. चारोटीच्या गॅरेजातून आला की हात न धुता सुरू करतो. फट फट फट. पण रिकामंच. पट्टा चढवून, भात घालून एकदाही नाही.

बुधीबाई : का नाय घातला?

संगिता : कुठला घालू? जुना भात श्रावणातच संपला सगळ्यांचा. आणि नवा, देवाच्या आधी गिरणीत घालू देशील तू?

बुधीबाई : देवाच्या आधी? कणसरी रुसंल, धान्याची देवी ती! नव्याच्या आदल्या दिशी पहिला भात भरडायचा, तोही थोरल्या घरचा, म्हंजे माझा. तुझा बाप चिमण असताना तसंच होतं.

संगिता : तेच ना. म्हणून याची परीक्षा आणि निकाल एकाच दिवशी. सगळ्या पाड्याचं नवं उद्या, नवा भात देवाला दाखवून मगच खायचा, आणि पोती बघ, भिंतीला लागलीत.

बुधीबाई : तुझ्या बापाचं इंजिन बरं होतं. धूर करायचं, खोकायचं, पण चालायचं. चिमणसारखंच.

संगिता : बाबांचं इंजिन! मी डहाणू रोडला बाजाराला गेलेले. येऊन बघते तर बाबांचं इंजिन ओसरीवर वाळत घातलंय, सुटं सुटं. म्हणाला, फक्त आत काय आहे ते बघतोय. बाबांचं आता एवढं मोठं चाक तेवढं राहिलं. बाकी ट्रकचं, ट्रॅक्टरचं, आणि देवाचं नाव.

बुधीबाई : आन् नाय चाललं तं?

संगिता : लाहूचा टेम्पो येतोय दिवस मावळायच्या आत. वाणगावच्या गिरणीवाल्याला निरोप दिलाय मी. भात भरडला नसेल तर पोती टेम्पोत. आणि पोत्यांच्या वर हे इंजिन. वाणगावला भंगारवाला आहे.

बुधीबाई : जावयाला माहीत हाय?

संगिता : सांगितलंय. म्हणाला, इतिहासात पुष्कळांचं असं झालेलं आहे.

बुधीबाई : पण पोती एकदा वाणगावला गेली का पुढच्या साली कोणी हितं येयाचं नाय. गिरणीला कुलूप लागंल तुझ्या.

संगिता : माहीत आहे गं. रात्रभर तेच तर माहीत होतं.

विनोद : मिळालं! एक अंडंही होतं. हे घे, बुधीबाय.

बुधीबाई : गरम हाय. आत्ताच दिलंय. चांगला शकुन हाय.

संगिता : कोंबडीने तरी काम केलं.

विनोद : हसा. बुधीबाय, इकडे बघ, समजावून सांगतो. जगातल्या सगळ्या इंजिनांना एक पिस्टन आणि त्याच्यासमोर एक झाकण. त्याला हेड म्हणतात. आग लागते ती निम्मी पिस्टनला ढकलते, निम्मी त्या झाकणावर डोकं आपटते. वाया! मी काय केलं, झाकणच काढलं. समोर दुसरा पिस्टन बसवला. दोन पिस्टन समोरासमोर, मध्ये आग. दोघं दोन बाजूंना पळतात आणि दोघं मिळून एकच चाक फिरवतात.

बुधीबाई : म्हंजे नवरा-बायको.

विनोद : अगदी!

संगिता : मध्ये आग, आणि त्यातून काम होतं?

विनोद : होतं.

संगिता : आपल्याकडे नुसती आगच होते.

विनोद : तलासरीच्या प्रदर्शनात काय लिहून दिलं साहेबांनी? ‘कल्पना नावीन्यपूर्ण.’

संगिता : पुढचं पण वाच.

विनोद : पुढे सही आहे.

संगिता : सहीच्या आधी. ‘व्यवहार्यतेबाबत शंका.’

बुधीबाई : म्हंजे काय?

संगिता : म्हणजे दिसायला बरं आहे, पण घरात काही उपयोग आहे का ते कळत नाही.

बुधीबाई : हां. घरजावई करताना आमी पण हेच बोलतो.

विनोद : झालं बोलून? संगिता, मोबाईल धर. आडवा धर. हे सगळ्या जगाने बघायचं आहे. बुधीबाय, लुगडं सांभाळ, पट्ट्यापासून लांब. जय कणसरी माते! एक...

संगिता : काही नाही.

विनोद : हवा होती पाइपात. दोन!

बुधीबाई : शिंकलं फक्त.

विनोद : डिझेल पोचलं म्हणून शिंकलं. आता बघ. आता...

(इंजिन सुरू होते. यापुढे सगळे ओरडून बोलतात.)

विनोद : बघा! बघा कसं गुळगुळीत! पाण्याचा पेला ठेवा त्याच्यावर, सांडायचा नाही!

संगिता : रिकामं आहे ते! पट्टा चढव!

विनोद : चढवतो! सरका! हं... चढला! हॉपरची झडप उघड. सगळी नको, थोडी!

बुधीबाई : माझा भात हाय तो! हात जोडा आधी!

संगिता : जोडले! उघडली!

विनोद : ओढतंय! संगिता, ओढतंय! तूस बघ कसं उडतंय! माझं इंजिन...

बुधीबाई : कणी येतेय!

विनोद : काय?

बुधीबाई : कणी! तांदूळ तुटतोय! देवाला कणी घालू का मी? अख्खा पायजे, अख्खा!

संगिता : वेग पडलाय! ऐकू येत नाही का तुला? डिझेल वाढव!

विनोद : वाढवलं! थांब, डिझेल घेईल ते, थांब... हां! आला वेग! बघ आता!

बुधीबाई : आता बरा हाय. अख्खा हाय. लांब हाय दाणा.

संगिता : तोंडात नको घालू, बुधीबाय!

बुधीबाई : वास घेतला फक्त!

संगिता : विनोद, ही कडेची बाजू अशी का दिसतेय? पलीकडची नाही दिसत तशी. इंजिनाला लावलेली हळद काळी पडली तिथली.

विनोद : धूर जातो ना त्या बाजूने, ती बाजू जरा जास्त तापणारच. अपेक्षित आहे.

संगिता : आणि इंजिन थंड ठेवायच्या पिंपातलं पाणी उकळतंय, तेही अपेक्षित आहे?

विनोद : उकळतंय? नाही. उकळतंय. असं व्हायला नको. हेड नाही, म्हणजे उष्णता निम्मी. उष्णता निम्मी, म्हणजे पिंप निम्मं. मी कागदावर...

संगिता : बाबांची एवढी मोठी सिमेंटची टाकी होती इंजिनाला! त्यात तू मिरच्या लावल्यास!

विनोद : एवढं पाणी लागणारच नव्हतं! रिकामं चालवलं तेव्हा कोमट सुद्धा व्हायचं नाही!

संगिता : रिकामं तर मीही तापत नाही!

विनोद : ठोका बदलला. ऐकलंस? टक् येतंय मध्ये. पिस्टन फुगतोय. बंद करतो.

संगिता : हात लावू नकोस.

विनोद : अगं जाम होईल! फुगला की सिलिंडरला चिकटेल, मग पुन्हा सुटायचा नाही! तीन वर्षं घातलीत मी त्यात!

संगिता : किती पोती झाली?

विनोद : बुधीबायची झाली, भिकीची अर्धी. थंड होऊ दे. एक तास दे मला, मग पुन्हा...

संगिता : तासाने लाहू येईल. तो बघ, फाट्यावरून हॉर्न देतोय. तासाने कशाला, आत्ताच आला तो!

बुधीबाई : थोरल्या घरचा झाला आन् बाकीच्यांचा वाणगावला गेला, असं नवं कवा झालं नाय. तसं मी होऊ देयाची नाय. सगळ्यांचं एकाच गिरणीचं पायजे.

विनोद : संगिता, ऐक माझं. आत्ता बंद केलं तर इंजिन वाचेल. मोठं पिंप लावीन, दिवाळीपर्यंत...

संगिता : टेम्पो थांबणार आहे का दिवाळीपर्यंत? विनोद, मला एक सांग. भात इंजिनासाठी आहे का इंजिन भातासाठी?

विनोद : फुटलं तर?

संगिता : तर साहेबांना शंका राहणार नाही. गरम पाणी कुठून काढायचं?

विनोद : खालचा कॉक. पण काढलं तर कोरडं पडेल, वरून तेवढंच थंड घालायला हवं, सारखं, खंड न पडता...

संगिता : भिके! रूपे! पोत्यांवरून उठा सगळ्या! हापशापासून इथपर्यंत उभ्या राहा! हातोहात बादल्या द्या! ज्याचा भात राहिलाय त्याने हापसायचं! बुधीबाय, तू बस.

बुधीबाई : का बसू? माझा झाला म्हणून बसू? आण ती बादली इकडं.

विनोद : एकदम ओतू नका! तडकेल! हळू, धार धरून! अगं रूपी, इंजिनावर नाही, पिंपात! पिंपात!

संगिता : तू कॉककडे बघ! आणि हात त्या दांडीवरून काढ. बंद करायच्या दांडीवरून काढ, विनोद.

विनोद : नुसता ठेवलाय.

संगिता : कशाला?

विनोद : ठोका हाताला कळतो.

संगिता : इकडे ठेव. या पिंपाला धर. ठोका काय म्हणतो?

विनोद : आहे अजून. टक्... टक्... कमी होतोय का? मला आता काही कळत नाही. तू ऐक.

संगिता : मला नुसतं चाक ऐकू येतंय. बाबांचं. तसंच घरघरतंय.

विनोद : आणि टक्?

संगिता : गेलं. बघ, पिंपात हात घाल. उकळायचं थांबलं.

बुधीबाई : बोलू नका! बादली घ्या! हात तुटले माझे!

विनोद : झडप उघडू थोडी अजून? बघू ओढतंय का?

संगिता : मघाशी वाचवत होतास त्याला.

विनोद : आता ते तापलंय, मीही तापलोय. उघड सगळी! घाल रूपीचं पोतं!

संगिता : लाहूदादा, हॉर्न नको! बस तिथे! नाही, पोतं उचलू नकोस! खाली ठेव! सांगते तुला थोड्या वेळात, काय नेशील आणि काय नाही ते!

विनोद : डिझेल बघ! डिझेल किती राहिलं?

संगिता : बाटलीत तळाला आहे. शेवटचं पोतं आहे. पुरेल?

विनोद : पुरायला हवं. पुरव रे बाबा. पुरव. ओत, ओत, झाडून घे हॉपर...

बुधीबाई : गेला शेवटचा दाणा!

संगिता : आता. आता बंद कर.

विनोद : बंद! केलं बंद! झालं! बघितलं का सगळ्यांनी? सगळा पाडा! एकाच दमात! पहिल्याच दिवशी! आणि...

संगिता : ओरडू नकोस. बंद झालंय ते.

विनोद : हां. बंद झालंय. हाताने फिरवून बघतो. फिरलं तर... फिरतंय. संगिता, फिरतंय गं. चिकटलं नाही.

संगिता : बघितलं. बस खाली आता.

विनोद : लाहूचा टेम्पो?

संगिता : वळवतोय. भाडं नाही म्हणून तोंड पाडलं होतं, मग गावचा पाहुणा म्हणून उद्या नव्याला जेवायला बोलावलं. निघाला. ऐक, हॉर्न बरा वाजवतोय आता.

विनोद : म्हणजे सिद्ध झालं. तू बघितलंस. आता तलासरीच्या साहेबांना बोलवायचं, आणि म्हणायचं, साहेब, हे व्यवहार्य...

संगिता : आणि साहेब विचारतील, चालवायला माणसं किती लागतात?

विनोद : एक.

संगिता : आणि हापशापासून इथपर्यंत ज्या उभ्या आहेत त्या? साडीचा पदर पिळतायत त्या?

विनोद : ती पाण्याची व्यवस्था आहे. त्याला रेडिएटर म्हणतात. इंजिनात धरत नाहीत.

संगिता : रूपी, भिकी, ऐकलंत का? तुम्ही इंजिनात धरलेल्या नाहीत.

विनोद : मिरच्या काढतो मी टाकीतल्या. उद्याच. बाबांची टाकी जोडतो.

संगिता : मिरच्या तोडून झाल्यावर काढ. रेकॉर्डिंग नीट झालं नाही, सांगून ठेवते. बादली आल्यावर मोबाईल पोत्यावर ठेवला. बघितलं तर सगळा वेळ छप्पर आलंय. आवाज आहे. सगळा वेळ तू ‘जाम होईल, जाम होईल’ म्हणतोयस.

विनोद : पुसून टाक.

संगिता : नाही. राहू दे. चाकाचा आवाज छान आलाय.

बुधीबाई : जावई.

विनोद : बोल, बुधीबाय. आज काहीही बोल. सगळ्यात पहिला भात तुझा, इतिहासात नाव तुझं.

बुधीबाई : ते राहू दे. नळीतून ते ऊन पाणी सांडलं ना, माझ्या पायावर सांडलं. चांगलं होतं. गुडघे मोकळे झाले बघ.

विनोद : ते थंड होण्यासाठी सोडलेलं पाणी होतं.

बुधीबाई : हां. तं उद्या नव्याची अंघोळ हाय सगळ्यांना. चूल पेटवायची, लाकडं ओली. तुमी पहाटे हे जरा लावाल का? भात नको. रिकामं तापत नसंल तं तूस घाला. नुसतं दोन बादल्या पाणी तापंल एवढंच.