बंद पडलेल्या व्हिडिओ गेमवरचा उसाचा ट्रॅक्टर

आमच्या कडेगावच्या संत्याचं खूळ तुम्हाला ठाऊक न्हाई. लहानपणचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम त्यानं अजून जपलाय. कंपनीनं ते डबडं बनवायचं बंद करून जमाना झाला, आणि हा त्यावर आत्ताचा नवाकोरा मोटारींच्या शर्यतीचा गेम चालवायला बसला. शेवटी त्याचे आबा वैतागले. "रविवारपर्यंत चाललं तर ठीक, न्हाईतर डबडं भंगारात!"

गेम कसाबसा बसला, पण डबड्याला झेपंना. संत्यानं रस्त्याकडची झाडं काढली, बघणारी माणसं काढली, तरी मोटार आपली रांगतीच. मी म्हणालो, "ही मोटार न्हाई रं, दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर हाय."

आणि गड्यानं खरंच मोटारी काढून ट्रॅक्टर घातले!

रविवारी आबा खेळायला बसले. त्यांची हयात साखर कारखान्याला ऊस वाहण्यात गेलेली. ट्रॅक्टर चढाला लागला तसे तेच पुढं झुकले. "लय भारी! आस्साच चढतोय!"

आणि गेम हँग झाला. पडद्यावर सगळे ट्रॅक्टर एकामागं एक थिजले. संत्याचं तोंड पांढरंफटक.

"आबा, आवं, बंद करून परत लावतो."

"हात लावू नगंस!" आबांनी रिमोट खाली ठेवला आणि भिंतीला निवांत टेकले. "कारखान्याच्या गेटवर लाईन लागलीया. आता सकाळपातुर काय हलत न्हाई. च्या टाक."