शेजारचा विस्तव

माझं माहेर सोमाटण्याच्या अंगाचं, आन् सासर घाटमाथ्यावरचं, लोणावळ्याच्या वर, जितं आता कोनीच ऱ्हात न्हाई. मधी चालत एका दिसाची वाट, पन काय सांगू तुमाला दादा, आभाळच दोन. माहेरी पावसाळ्यातबी चार दिस गेले की ऊन पडायचं, गवऱ्या वाळायच्या, ज्याचं घर त्याच्या रानात, एकाचं कुत्रं भुकलं तर दुसऱ्याला ऐकू जाऊ नये इतकं लांब, आन् त्याचं कुनाला काय वाटायचं न्हाई. लगीन होऊन मी वर गेले तर हा एवढा मोकळा माळ, नजर पोचंल तितवर गवत, आन् घरं मातुर एकमेकांना चिकटून बसल्याली, थंडीत मेंढरं बसत्यात तशी, एकाच्या पागोळ्या दुसऱ्याच्या दारात. मी सासूला इचारलं, आत्याबाई, जागा एवढी पडलीया आन् तुमी अशा दाटीनं का ऱ्हाता. ती हसली. म्हनली, आखाड लागू दे, मग कळंल.

आखाड लागला आन् कळलं. तितला पाऊस वरनं पडतच न्हाई, कोकणातनं कडा चढून आडवा येतो. धुकं घरात शिरतं, चुलीपाशी बसल्यालं मानूस दारातनं दिसत न्हाई. गौरी येस्तवर ऊन म्हनून न्हाई. माळ्यावरची लाकडं वल्ली, कापडं वल्ली, आन् बाजारातनं आनलेली काडेपेटी, तिच्या काड्यांचं तर पीठ व्हायचं, वढली की गूल निघून बोटाला चिकटायचं. मग सकाळी ज्याची चूल जगली आसंल त्याच्या दारात बाकीच्या बाया. खापरीत राख, राखेत निखारे, वरनं इरलं, की पळत आपल्या घरी. आज माझी जगली, उद्या तुजी. विस्तवाला न्हाई म्हनायचं न्हाई हा तितला कायदा, मग भांडन आसंना का. एकट्या चुलीचं तितं काम न्हाई. म्हशी गवतासाठी तितं ऱ्हायल्या, मानसं विस्तवासाठी एका जागी बसली.

ठकी माझी थोरली जाऊ. तिचं घर माज्या घराला लागून. तिच्या धाकट्याचं बारसं व्हतं, आन् मला मूलबाळ न्हाई, तर पाळन्यापाशी गेले तशी चार बायांच्या देखत ती म्हनली, तू जरा मागं सर. झालं. त्या दिसापासनं मी तोंड मिटलं, तिनंबी मिटलं. पन आखाड काय भांडन बघत न्हाई. मी खापरी घेऊन तिच्या उंबऱ्यावर, न्हाईतर ती माज्या. मग बोलायचं कसं, तर म्हशीला. निखारे घालता घालता ती दावनीच्या म्हशीला सांगायची, बघ गं बाई, राणीसरकारांना आत्ता जाग आली. मीबी त्याच म्हशीला सांगायची, काही जनींच्या घरी विस्तवात निम्मी राखच मिळती, असंना का, आपुन मागनारं. म्हस बिचारी रवंथ करीत दोघींचं ऐकायची. अशी वर्सं गेली बघा. माजा नवरा तापानं गेला, मी चुलीकडं बघत न्हवते, तवाबी तिनं भाकरी माज्यापुढं ठिवली आन् तोंड म्हशीकडं करून म्हनली, हिला म्हनावं दोन घास खा.

मग पैल्या लढाईच्या आगंमागं खालच्या खोऱ्यात धरणाचं काम निघालं. आमी उन्हाळ्याला म्हशी तितं न्यायचो, कारन वरचे झरे फागुनातच आटायचे. ते सगळं गवत पान्याखाली गेलं. वर आखाडात बुडायचं एवढं पानी, आन् चैतात म्हशीला पाजायला न्हाई. मग एकेक घर उतरलं. कोनी धरणावर दगड वाहायला, कोनी रेल्वेत, कोनी मुंबईवाल्यांच्या बंगल्यांवर. जानारा आपल्या घराचं लाकूड काढून न्यायचा, की मागं नुसता जोता. करता करता दोन चुली ऱ्हायल्या, तिची आन् माजी.

वैशाखात तिचे लेक आले, दोघंबी रेल्वेच्या गँगात लागल्याले, आईला न्यायला. बोचकी बाहेर काढली. ठकी माज्या दारात आली आन् माज्या म्हशीला म्हनली, हिला सांग, एकटीनं आखाड निघायचा न्हाई, चल म्हनावं. मीबी म्हशीलाच म्हनले, आमी कुनाच्या आधारानं जगत न्हाई, ज्यांना जायाचं त्यांनी जावं. ती गेली. वळून बघितलं का न्हाई, मला ठाऊक न्हाई, मी आत व्हते.

तो आखाड मी चुलीला तान्ह्या पोरासारखं सांभाळलं. जांभळीचा ओंडका घालून ठिवायचा, घटकाघटकानं येऊन फुंकायचं. म्हशी लांब न्यायची सोय न्हाई, चुलीनं मला दावनीला बांधलं. एक दिवस रेडकू धुक्यात चुकलं, मी हाका मारीत कड्यापतुर गेले. परत येऊन बघते तर वाऱ्यानं छपराचा कोपरा उचलल्याला आन् चुलीत पानी. काड्या वढून वढून पेटी संपली. निरसं दूध प्याले, नाचनीचं पीठ पान्यात कालवून खाल्लं. वाघराचं भ्या न्हाई वाटलं, भुताचं न्हाई. सकाळी सवयीनं खापरी उचलली आन् बाहेर आले, आन् कुनाच्या दारात जाऊन उभं ऱ्हावं तर दारच न्हाई, ह्याचं भ्या वाटलं.

तशीच निघाले. म्हशी मोकळ्या सोडल्या, इरल्याखाली खापरी धरली, आन् घसरत, बसत, लोणावळ्याला उतरले. रूळांच्या मागं पत्र्याच्या खोल्या व्हत्या, इचारत इचारत ठकीची गाठली. उंबऱ्यावर खापरी ठिवली आन् उभी ऱ्हायले. तितं म्हस न्हवती. मी बघत व्हते, आता ही कुनाला सांगती. ती चुलीपास्नं उठली, माज्याकडं बघितलं आन् म्हनली, आत ये आधी, गारठून मरशील. सरळ मला. मग खापरी हातात घेतली, फिरवली, आन् म्हनली, ह्यातला निखारा घाट चढून जाईल व्हय गं? निखारा एवढी वाट टिकत न्हाई, हे मला निघतानाच ठाऊक व्हतं.

वर परत गेले ती म्हशी आनायलाच. त्या एका दूधवाल्याला इकल्या आन् बंगल्यांवर भांडी घासाय लागले. ठकीच्या शेजारची खोली मिळाली, मधी एकच भिंत. म्हनलं, आता तोंड उघडलंय, तर बोलू पोटभर. पन दादा, हितं डोक्यावर पत्रा, लाकडं कोरडी, वान्याच्या दुकानात कोरडी काडेपेटी. काडी वढली की जाळ. सकाळी तिनं माज्या दारात यावं असं काय ऱ्हायलंच न्हाई, आन् मी तिच्याकडं जावं असंबी काय न्हाई. भिंतीपलीकडं तिचा खोकला ऐकू यायचा. माजा तिला ऐकू जात आसंल. दिसामागनं दिस, एकमेकींचं तोंड दिसायचं न्हाई. तोंडं उघडली, आन् पाय थांबले.

आता ही दुसरी लढाई लागलीया. तिच्या थोरल्याला देहूरोडच्या लष्कराच्या डेपोत काम मिळालं, तो आईला घेऊन गेला. निघताना ती दारात उभी ऱ्हायली, लय येळ. म्हनली, येत जा गं. मी म्हनले, व्हय, येईन.

रात्री चूल विझली तर विझू देते आता. सकाळी काडी वढते. कुनाचं कुनावाचून अडत न्हाई, बरं चाललंय म्हनायचं. तुमी शिकलात, कुटंबी घर बांधाल, देव करो आन् तुमच्या दारात मागनारी मानसं येवोत. मला सगळे म्हनत्यात, गाडीत बसलं की देहूरोड कितीसं लांब, जाऊन ये एकदा. लांब न्हाई, मलाबी कळतंय. पन तिच्या उंबऱ्यावर उभी ऱ्हाऊन मी मागू काय?