न भरणारी टाकी

दि. २६ ऑगस्ट २००६, सकाळी ११.२०

माझे नाव गुलाबसिंग रामधन राठोड, वय ४९ वर्षे, धंदा गवंडीकाम, शिक्षण चौथी पास, पुढचे स्वतः वाचून. राहणार तांडा, ता. दारव्हा, जि. यवतमाळ.

मला कोणी बोलावले नव्हते. मी आपणहून पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगतो की, मी बावीस वर्षांपासून घरे व संडासाच्या टाक्या बांधतो. आमची जमीन काळी आहे. ती पाणी पीत नाही, म्हणून इतरांच्या टाक्या दोन-तीन वर्षांत भरून वर येतात. मी साडेसात फूट माती काढून मुरमापर्यंत जातो व तळ उघडा ठेवतो. माझी एकही टाकी आजवर उपसावी लागलेली नाही. त्यामुळे लोक मलाच बोलावतात.

मे २००५ मध्ये मी तांड्यातील अमरसिंग याच्या घरामागे अशी टाकी बांधली. पिण्याच्या पाण्याची विहीर त्याच आवारात आहे. तेव्हा त्याचा शेजारी हिरासिंग तेथे उभा होता. तो म्हणाला, "गुलाबभाऊ, तुई टाकी भरत नाही, मंग सारं जाते कुठं? दिल्लीले?" सगळे हसले. मीही हसलो.

यंदा २ ऑगस्ट रोजी अमरसिंगची आई रुपीबाई, वय ७०, मला रस्त्यात भेटली. म्हणाली, "गुलाब, विहिरीचं पानी वास मारून राह्यलं रे." मी म्हटले, "काकी, पावसाळ्यात मुरमाचं पानी असंच येते." त्याच संध्याकाळी मी टेपने टाकी ते विहीर अंतर मोजले. एकतीस फूट चार इंच भरले. माझ्याजवळच्या बांधकामाच्या पुस्तिकेत ते कमीत कमी पन्नास फूट हवे असे लिहिले आहे. मी टेप गुंडाळून घरी आलो.

१७ तारखेला त्या घरातील चौघांना उलट्या व जुलाब सुरू झाले. रुपीबाई १९ तारखेला दवाखान्यात वारली. विहिरीजवळ कपाशीवरच्या औषधाची रिकामी बाटली सापडली. हिरासिंग फवारणीचा पंप तेथेच भरतो, आणि शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्याचे अमरसिंगशी भांडण आहे. त्यानेच विहिरीत औषध टाकले, अशी तक्रार होऊन त्याला २० तारखेला येथे आणले. तो अजून आत आहे.

२१ तारखेला सकाळी आठ वाजता मी अमरसिंगसमोर कापड रंगवायच्या हिरव्या रंगाच्या चार पुड्या बादलीत कालवून त्याच्या संडासात ओतल्या. २४ तारखेला दुपारी दोन वाजता विहिरीत, टाकीकडच्या बाजूला, मुरमाच्या भेगेतून हिरवे पाणी झिरपताना आम्ही दोघांनी पाहिले. अमरसिंगने विचारले, "तुले हे माहीत होतं काय?" मला माहीत होते. २ तारखेपासून.

हिरासिंगला सोडावे. मी बांधलेल्या, विहिरीपासून पन्नास फुटांच्या आत असलेल्या अशा अकरा टाक्यांची यादी, घरमालकाचे नाव व विहिरीचे अंतर लिहून, सोबत दिली आहे. आज सकाळी मी निघालो तेव्हा त्यातल्या चार विहिरींवर बाया पाणी भरत होत्या.

जबाब मला वाचून दाखवला. अंतराची गोष्ट अमरसिंगला सांगायची 'नजरचुकीने' राहिली, असे त्यात आले होते. तो शब्द माझा नाही. माझ्या सांगण्यावरून ते वाक्य खोडले, खोडल्या जागी माझी सही आहे. राहिलेला मजकूर मी बोललो तसाच आहे.