साठ किलोचं वासरू

— बरं, नको बसायला. उभीच बरी आहे मी. पाणी दिलंस तेवढं पुष्कळ झालं, मला तर वाटलं होतं दारातूनच हाकलशील. फौजदाराची बायको इथं कशाला कडमडली म्हणून ओरडशील, बाहेरचे हमाल गोळा करशील. वाटेत सगळी तयारी केली होती मी — ओरडली तर असं बोलायचं, रडली तर तसं बोलायचं. गप्प बसली तर काय करायचं, तेवढंच ठरवायचं राहिलं बघ. म्हणून आता तोंडाला येईल ते बोलतेय. मनावर घेऊ नकोस. भाऊ जाऊन आठवडा नाही झाला आणि तू वजनकाट्यावर येऊन बसलीस — नावं नाही ठेवत हां मी. ट्रक काही कुणासाठी थांबत नाहीत. आणि घरी भिंती खायला उठतात, ते का मला माहीत नाही? इथं निदान खिडकी आहे.

भांडायला नाही आले. भांडायचं असतं तर मागच्या थंडीतच आले असते, तेव्हापासून ठाऊक आहे मला. कसं कळलं? अगं, त्यात काय कळायचंय! एकोणीस वर्षं त्या माणसाची वर्दी धुतेय मी. यायचे ते धरणाकडची गस्त करून, आणि खिशात काय, तर लाकडाचा भुसा. धरणावर झाड नाही औषधाला. भुसा कुठला? वखारीचा. आणि वखारीला लागून काय आहे, तर तुझा हा वजनकाटा आणि ही केबिन. बघ, आत्ता माझ्याही बाहीवर बसला. चोराला दोन प्रश्नांत बोलतं करणारा माणूस, पण स्वतः खोटं बोलायची वेळ आली की शाळेतल्या पोरासारखं — मानेला खाजवायचं, आमटी वाढ म्हणायचं. मी वाढायची. म्हटलं, झाकली मूठ. मुली मोठ्या होतायत, बदली होईल, सुटेल आपोआप. बायका असंच समजतात, नाही का? की नाही समजत? तुझं लग्न झालं नाही, तुला काय विचारतेय मी.

पण हे मला कधी कळलं नाही — एवढ्या मोठ्या गावात तूच कशी? दुसरी कुणी असती तर मी दातओठ खाऊन सोसलं असतं. यांना इथं आणलं कशासाठी? वखारवाल्याला पकडायला. सरकारी जंगलातलं लाकूड रातोरात कापून इथं येतं, काट्यावर चढतं, पावती घेऊन राजरोस बाहेर पडतं, हे शेंबडं पोर सांगेल. आणि ज्याला पकडायचं त्याच्याच बहिणीपाशी जाऊन बसले! कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. तू म्हणायचीस आज गाडी जाऊ दे, जायची गाडी. नाही? तू कधीच म्हणाली नाहीस? मग तर आणखीच वाईट. म्हणजे न सांगताच सोडत होते. इतका जीव. मला नवीन स्वयंपाकघर हवं म्हणून मी चार वर्षं सांगतेय, तिथं कायदा आडवा यायचा — कुणाचा पैसा घ्यायचा नाही, कुणाचं मिंधं व्हायचं नाही. कायदा काय माझ्यापुरताच होता?

बरं, ते जाऊ दे. वेळ नाही माझ्याकडे. मोठे साहेब आज संध्याकाळपर्यंत चौकीत आहेत, जबाब घेतायत. उद्या सकाळी यांना शहरातल्या तुरुंगात हलवणार, मग कागद कोर्टात, मग आपल्या हातात काही नाही. आणि यांच्याविरुद्ध काय नाही ते विचार! बाजारात सगळ्यांदेखत तुझ्या भावानं यांची कॉलर धरली, कारण अखेर एकदा लाज वाटून यांनी त्याचा ट्रक अडवला होता. यांनी त्याला ढकलून दिलं, वर म्हणाले, पुन्हा समोर आलास तर गोळी घालीन. हमाल होते, भाजीवाल्या होत्या, सगळ्यांनी ऐकलं. आणि चार दिवसांत तुझा भाऊ रस्त्याच्या मोरीपाशी पडलेला, आणि हे शेजारी उभे, हातात त्याचीच बंदूक! वीस वर्षं शिपायांना घोकून घोकून शिकवलं — जागेवरच्या कशालाही हात लावू नका, चहाचा कप असला तरी लावू नका. आणि स्वतः बंदूक उचलून उभे, रुमालानं पुसून. हवालदारानं सांगितलं मला, पुसताना बघितलं म्हणे त्यानं. प्रेमात अक्कल गहाण पडते म्हणतात, पण इतकी?

विचारलं, दुपारी कुठं होतात, तर म्हणे धरणावर. धरणावरचा राखणदार म्हणतो, आले नव्हते. संपलं. आणि तुला माहितेय ते कुठं होते. गोळीचा आवाज आला तेव्हा ते इथं होते, या खोलीत, त्या बाकावर. तू एक वाक्य बोललीस की सुटतात. एकच. 'आवाज झाला तेव्हा फौजदार माझ्याजवळ होते.' बस.

मला कळतं मी काय मागतेय. तुझे काका तुला घरात ठेवणार नाहीत, भावाच्या चितेची राख निवली नाही तोवर हे. लोक थुंकतील. माझ्यावरही थुंकतील, तुला वाटतं माझं बरं चाललंय? त्यांची नोकरी जाईल. जाऊ दे. मी शिवण शिवते, थोडं येतं मला. तू माझ्या घरी ये. अगं थट्टा करत नाहीये मी, खरंच ये. मागची खोली मुलींची आहे, त्या माझ्याजवळ झोपतील. जगातल्या कुठल्या बायकोनं असं म्हटलं असेल? सवतीला म्हणतेय, सांग बाई, माझा नवरा तुझ्यापाशी होता असं चारचौघांत सांग, हात जोडते. नाकापेक्षा मोती जड म्हणायचे लोक, इथं तर नाकच उरलं नाही. पण माणूस जिवंत राहू दे. कुणाकडेही राहू दे, राहू दे फक्त.

मी कसं सांगणार? बायकोच्या सांगण्याला कोण धरतं! आणि मी सांगितलं ते इथं होते, तर विचारतील, तुम्हाला काय ठाऊक, तुम्ही काय बाकाखाली होता? तुझंच सांगणं हवं. सगळं सांग — बाकाचं, खिडकी लावून घेतल्याचं, वासराचं —

काय झालं?

वासराचं म्हणजे… हवालदार म्हणाला असेल. नाही, हवालदाराला कुठून. तू अशी बघू नकोस. मघाशीसुद्धा, मी बाहेर उभी राहून हाक मारली, तर तू माझ्याकडे नाही, त्या वजनाच्या आकड्यांकडे बघितलंस आधी.

हो. होते मी त्या दुपारी. चपला काढून आले होते पुढून, ते लोखंड नुसती फरशी वाटली मला. ट्रक चढतात तेच ते, मला काय माहीत माणूस चढलं तरी बोलतं! कान लावून उभी होते खिडकीशी आणि डोक्यावर लाल आकडे पेटले — साठ. माझं वजन, हमरस्त्याला! आत तुझ्यासमोरही पेटलं असणार. यांनी विचारलं, कोण आहे? तू म्हणालीस, वासरू असेल कुणाचं. आणि हसलात दोघं. मी उतरले पटकन, पण हसणं ऐकू आलंच. ते असे घरात हसत नाहीत गं. मी विसरून गेले होते की त्यांना हसता येतं. भुसा सोसला, खोटं सोसलं — ते एक हसणं नाही सोसवलं मला. वासरू!

मग मी वखारीत गेले. तुझा भाऊ एकटाच होता, जेवणाची सुट्टी होती, मशीन बंद. मी एवढंच म्हटलं — देवाशपथ एवढंच — बहिणीच्या केबिनमध्ये जाऊन बघा. मला काय वाटलं होतं? आरडाओरडा होईल, चार लोक जमतील, यांची मान खाली जाईल. मान खाली गेलेली हवी होती मला, बाकी काही नाही. त्यानं काही विचारलं नाही. डुकरांसाठी ठेवलेली ती बंदूक भिंतीवरून काढली आणि निघाला. मी मागून, दादा थांबा, दादा थांबा — तो कसला थांबतोय. मोरीपाशी गाठलं. नळी धरली दोन्ही हातांनी. तो म्हणाला, बाई सोडा, तुमच्यावरही उपकारच करतोय. मी नाही सोडली. तो ओढतोय, मी ओढतेय, दोन पोरं दोरी ओढतात तशी, आणि —

त्याला मारायचं नव्हतं मला. यांना वाचवायचं होतं. तुझा भाऊ बसल्यासारखा खाली बसला आणि माझ्याकडे बघत राहिला, जणू मी काहीतरी विचारलंय आणि त्याला उत्तर आठवत नाहीये. मी पळाले. घरी जाऊन भांडी घासली. होती नव्हती ती सगळी भांडी घासली, स्वच्छ होती ती पण. तुझी माफी मागायला मला तोंड नाही. मागत नाही मी. कसली माफी?

आता म्हणशील, मग जा ना, सांग ना जाऊन, नवरा सुटेल. मला नाही सुचलं होय ते? रोज चौकीच्या फाटकापर्यंत जाऊन परत येते. मुलींसाठी, असं स्वतःला सांगते. पण खरं सांगू? मी आत जाणार, ते बाहेर येणार, आणि बाहेर येऊन कुठं जाणार — इथं. त्या बाकावर. मी भोगायचं आणि तुम्ही… ते जमेना. तू सांगितलंस तर निदान बदनामीत तरी आपण दोघी सारख्या. इतकी हलकी आहे मी. साठ किलो म्हणे.

बोल गं काहीतरी. शिव्या दे. तुझे काका आहेत ना वखारीत, त्यांना हाक मार. यांनी तुझ्यासाठी तोंड शिवून घेतलंय, स्वतःचा गळा देतायत तुझ्या अब्रूपायी, आणि तुझ्याच्यानं एक वाक्य —

काय?

परत सांग.

हवालदाराकडून निरोप? कधी? दुसऱ्याच दिवशी… तू जबाब द्यायला निघालीच होतीस? चपला घालून? आणि त्यांनीच — नाही. असं नसेल म्हटलं त्यांनी. 'तू गप्प राहा. गोळी सुटली तेव्हा मी मोरीपाशी नव्हतो असं ठरलं, तर दुसरं कोण होतं ते शोधतील. माझ्या मुलींना आई हवी.' असंच? हेच शब्द?

म्हणजे बघितलं त्यांनी मला. आवाज ऐकून धावत आले तेव्हा मी वळणावर असणार, पाठमोरी. एकोणीस वर्षं — पाठीवरून ओळखणारच. आणि मग रुमाल काढला. माझे हात पुसले त्यांनी बंदुकीवरचे. मी आपली म्हणत बसले, अक्कल गहाण पडली, अक्कल गहाण पडली…

मी भेटायला गेले तर तोंड फिरवून बसले होते. मला वाटलं, तुझी आठवण काढतायत.

थांब. म्हणजे तुला ठाऊक होतं. मी आले तेव्हापासून — त्याच्याही आधीपासून. तुझ्या सख्ख्या भावाला जिनं… आणि तू मला पाणी दिलंस? हातात फुलपात्र दिलंस, आणि गप्प बसून ऐकत राहिलीस मी तुला घरातली मागची खोली देतेय ते? अगं, कशाची बनलीयेस तू? त्यांनी सांगितलं म्हणून? एवढ्यासाठी? नको, सांगू नकोस. मला नाही ऐकायचं. मला सगळं एकाच दिवशी नाही कळलं तरी चालेल.

हॉर्न वाजतोय. ट्रक आलाय तुझा.

शहराकडे निघालाय का गं हा? मग चौकीवरूनच जाईल. ड्रायव्हरला म्हणावं, एक बाई आहे, फाटकाशी सोड. नाही, फाटकाशी नको — फाटकावरून मी परत येते. आत, पायरीशी सोड म्हणावं. तू येऊ नकोस. दोघी गेलो तर वाटेल ठरवून बोलतायत. मुली माझ्या बहिणीकडे आहेत, ते आणतील सुटल्यावर. धाकटी अंधाराला घाबरते, तेवढं त्यांना माहीत नाही. सांग त्यांना.

रडतेस काय, तो ओरडतोय बाहेर. घे त्याचं वजन. घे, म्हणते ना.