डागदरीणबाईचा पासपोर्ट

युवराज : "'हळदीकुंकवामुळे झालेली खराबी.' हे तुमीच लिवलंय ना मॅडम? मी नववीतून शाळा सोडली म्हणून वाचता बी येत न्हाई, आसं वाटलं का तुमाला?"

सुनिता मॅडम : अरे, फॉर्मची भाषा आहे ती. प्रत्येक कागदाची अवस्था लिहावी लागते. फाटलाय, वाळवी लागलीय, डाग पडलेत...

युवराज : आन खाली? 'डाग काढून टाकण्यास आमची संमती आहे.' इथं आईचा आंगठा पायजे तुमाला.

कौशल्याबाई : युवराज, गप रं! पुण्याहून आल्यात त्या. च्या तरी पिऊ दी. मुकादमाचा ट्रॅक्टर पाराजवळ हुबा हाय. मॅडम, कुठं लावू आंगठा? सहा म्हैने घराला कुलूप ऱ्हातंय, पेटीतलं समदं वाळवी खाईल.

युवराज : आंगठा लावायचा न्हाई.

कौशल्याबाई : कावून?

युवराज : ह्यांना इचार.

सुनिता मॅडम : कौशल्याताई, मी सांगते. ह्या डॉक्टर हेडविग लोवी ज्यू होत्या, म्हणून एकोणचाळीस साली जर्मनीतून जीव मुठीत घेऊन पळाल्या आणि तुमच्या गावात येऊन राहिल्या. तिथं त्यांच्या घरातलं कुणीच वाचलं नाही. अशा माणसांची पत्रं, फोटो, बोटीची तिकिटं आम्ही जमवून जपतो. त्या होत्या याला पुरावा म्हणाल तर तुमच्या घरातली ही एक पेटी.

कौशल्याबाई : आमाला डागदरीणबाई येवढंच म्हाईत. माझ्या आजेसासूनं, छबुबाईनं, तिच्या दवाखान्यात बारा वर्सं सुया उकळल्या. पटकीची साथ आली, बाई लोकं वाचवता वाचवता सोताच गेली. तवा पेटी आमच्याकडं आली.

युवराज : आन पेटीतला पासपोर्ट आपण दर दसऱ्याला कोयत्याशेजारी मांडतो. ते बी सांग.

कौशल्याबाई : सांगंन की, चोरी हाय का? कोयता, बाईची कातर आन ते पुस्तक. हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. छबुबाई म्हनायची, बाई गोरी आसली तरी आपल्यातलीच व्हती, बघा, पुस्तकावर स्वस्तिक हाय.

युवराज : आई, ते आपलं न्हाई. हिटलरचं हाय.

कौशल्याबाई : कुणाचं?

युवराज : तिकडं ज्यानं बाईच्या घरची समदी मारली, लाखानं लोकं मारली, त्याच्या सरकारचा शिक्का हाय त्यो. आत एका पानावर लाल 'जे' अक्षर हाय बघ, येवढं मोठं. ही ज्यू हाय म्हणून. जनावराला डाग देतेत तसं. काल मोबाईलवर समदं बघितलं मी. जेवलो का न्हाई काल? इचारलंस का कावून?

कौशल्याबाई : मॅडम... खरं हाय का हे?

सुनिता मॅडम : हो.

कौशल्याबाई : तुमाला काल पेटी उघडली तवाच म्हाईत व्हतं?

सुनिता मॅडम : होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.

कौशल्याबाई : म्हंजी मी लगीन होऊन आले तवापसून... तिच्या घरच्यांना मारलेल्याच्या शिक्क्याला कुंकू लावतेय? माझ्या हातानं?

सुनिता मॅडम : तुमची चूक नाही ताई. तुम्हाला कुठून कळणार? म्हणून तर म्हणते, स्वच्छ करू. हा पासपोर्ट परदेशात मांडला जाईल. ज्यांची माणसं तिकडं मारली गेली ती बघायला येतील. शिक्क्यावर कुंकू दिसलं तर त्यांना काय वाटेल? ह्या गावात हिटलरची पूजा होत होती असं वाटेल.

कौशल्याबाई : मग पुसा. आत्ताच्या आत्ता पुसा. आण रं ते पानी हिकडं. थांब, पदरानंच पुसते.

युवराज : हात लावू नको! आई, सोड ते! सोड म्हणतो ना!

कौशल्याबाई : आईवर वरडतोस?

युवराज : वरडतो! पुसल्यावर काय ऱ्हाईल? हिटलरचा शिक्का, चकचकीत. त्यो ऱ्हाईल आन छबुबाई जाईल. तिचा दुसरा कागद हाय का कुठं? फोटो हाय? सातबाऱ्यावर नाव हाय? तिचं बोट येवढं एका जागी उमटलंय, आन ते तुमी खराबी म्हणून खरडून काढणार!

सुनिता मॅडम : युवराज, तुझं म्हणणं मला कळतंय. पण त्या पूजेचा अर्थच चुकीचा आहे रे.

युवराज : हाय ना चुकीचा! लिवा की, चुकलो म्हणून. ज्यानं लाल अक्षर मारलं त्यानं लिवलं व्हतं का कुठं, 'चुकलो' म्हणून? मग लाज खामखा आमीच कावून धरायची?

सुनिता मॅडम : इतकं नीट बोलतोस. शाळा का सोडलीस?

युवराज : शाळेनं मला सोडलं. दसरा झाला की आमी ऊस तोडायला, मास्तर हजेरीत लाल रेघ मारायचे. आलो की परत पहिल्यापसून. त्ये जाऊ द्या. तुमी फॉर्मचं बोला.

कौशल्याबाई : युवराज, तुला एक म्हाईत न्हाई. बाईनं सोता त्या पुस्तकावर खाकी कागद चिटकवला व्हता. ती गेल्यावर छबुबाईनं त्यो वला करून काढला, तवा स्वस्तिक दिसलं. बाईनं झाकलं व्हतं रं. नकोच व्हतं तिला त्ये डोळ्याम्होरं. आमी उघडं केलं. आता बोल की. मघाधरून लई बोलत व्हतास.

युवराज : आण हिकडं ते पुस्तक. मॅडम, तुमी बघा. नीट बघा. दिसतोय का शिक्का?

सुनिता मॅडम : नाही. कुंकवाचा थर बसलाय. शिक्क्यातल्या गरुडाच्या पंखाची कड तेवढी दिसते.

युवराज : पाऊणशे वर्सं दसऱ्याला एक बोट. छबुबाईचं, आज्जीचं, मग हिचं. गाडला की त्यो! बाईनं कागदानं झाकला, ह्यांनी कुंकवानं. आन तुमी पुण्याहून येऊन पुना त्याला उकरून काढणार?

(बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न. कुणीतरी 'युवऱ्या' म्हणून हाक मारतं.)

कौशल्याबाई : मॅडम, ती डाग काढायची वळ खोडा.

सुनिता मॅडम : ताई, मला वर विचारावं लागेल...

कौशल्याबाई : इचारा मग. पर खोडल्याबिगर मी आंगठा लावत न्हाई. पेटी संगं घेऊन जाते उसाच्या फडावर. आमच्या पाचटाच्या कोपीत ऱ्हाईल, चुलीशेजारी.

सुनिता मॅडम : नको, नको ताई! थांबा... ही बघा, खोडली. मी भांडेन तिथं.

युवराज : आन खराबीच्या जागी?

सुनिता मॅडम : तिथं काय लिहू? तूच सांग.

कौशल्याबाई : मी लावते आंगठा. तू सांग लवकर, मुकादम शिव्या देतोय. मी बोचकी टाकते ट्रॅक्टरात.

युवराज : लिवा. 'हे कुंकू छबुबाईनं लावलं. शिक्का कुणाचा हाय ते तिला म्हाईत नव्हतं. बाई कोण व्हती ते म्हाईत व्हतं.'

सुनिता मॅडम : थांब, थांब. हळू सांग. छबुबाई कोण, कुठल्या, काय करायच्या, सगळंच लिहायला हवं. बस ना जरा...

युवराज : आईला इचारून फोनवर सांगतो, नंबर हाय तुमच्याकडं. मला आता निघावं लागतंय.