झोपलेली झाडं

गांजाच्या झाडांसाठी मी महादेवाला साकडं घातलं होतं म्हटलं तर हसाल. पण इथे परदेशात, आमच्या हर्नडन गावात घरापुरती चार झाडं लावायला मुभा आहे, आणि शेजारच्या वॉल्टरनी ती बायकोच्या संधिवातासाठी लावली होती. ऐन श्रावणात पावसाने कुंड्या तुंबल्या, पानं पिवळी पडली, वर पांढरी भुरी. मी त्यांना कुंड्या विटांवर चढवायला लावल्या आणि आंबट ताक पाण्यात घालून पानांवर फवारलं.

आमचे हे म्हणाले, "श्रावणी सोमवारी गांजाची सेवा! महादेव तुलाच पावणार बघ."

झाडं खरंच तरारली. एकदा तिन्हीसांजेला वॉल्टर फांदी कापायला निघाले, तेव्हा मी सहज म्हटलं, "दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू नये. ती झोपलेली असतात." त्यांनी कात्री खिशात घातली.

नवरात्रात फुलं तोडायला आली आणि त्याच रात्री वादळ झालं. सकाळी बघते तर सगळी झाडं आडवी, फुलं चिखलात.

मी वॉल्टरना विचारलं, "अहो, वादळाचा इशारा काल संध्याकाळीच आला होता ना? कापून आत का नाही घेतलीत?"

"कात्री घेऊन आलो होतो गं. पण अंधार पडला होता. तूच म्हणालीस ना, झोपलेली असतात."

मागे दारात त्यांची बायको गुडघे चोळत बसली होती. पुढच्या वर्षीच्या झाडांसाठी मी पुन्हा सोमवार बोललेय. पण घराला आग लागली तर झोपलेल्याला उठवायचं असतं, एवढं सांगायचं माझं राहूनच गेलं.