पान एकतीस

(बडोदे, सन १९१६. ग्रंथालयातली मागची खोली. रसायनाचे जुने मास्तर भास्करराव आणि पुस्तकांचे आधार तपासणाऱ्या कुसुमावतीबाई.)

भास्करराव : सही करा आणि मोकळं करा, बाई. छापखान्याचा माणूस खाली टांगा घेऊन उभा आहे.

कुसुमावती : चौदावी तळटीप राहिलीय, मास्तर. बाकी साठ जुळल्या.

भास्करराव : साठ जुळल्या ने? मग एकीवाचून काय अडलंय!

कुसुमावती : नियम तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक आधार मूळ पुस्तकात पाहायचा, मगच छपाई. चौदाव्या टिपेत खाऱ्या विहिरींवरचा जर्मन ग्रंथ दिलाय तुम्ही. पान दोनशे बारा.

भास्करराव : त्याची बडोद्यात एकच प्रत, आणि ती तुमच्याचकडे. काढा की.

कुसुमावती : ही घ्या. दोनशे बारा उघडून दाखवा.

भास्करराव : हे... चिकटलंय.

कुसुमावती : चिकटलं नाही. छापखान्यातून आल्या तशा कागदाच्या घड्या आहेत त्या. वाचणाऱ्यानं चाकूनं कापायच्या असतात. इथे एकही कापलेली नाही.

भास्करराव : तुम्ही फौजदार व्हायला हवं होतं.

कुसुमावती : तुम्ही हे वाचलंय?

भास्करराव : एका इंग्रजी पुस्तकात याचा दाखला होता. उचलला. सगळेच उचलतात.

कुसुमावती : मग टिपेत त्या इंग्रजी पुस्तकाचं नाव घाला.

भास्करराव : अहो, जर्मन नावानं वजन येतं! आणि माझं नाही का उचलत लोक? विहिरींच्या पाण्यावरचं माझं पहिलं पुस्तक. अठरा वर्षं झाली. तिघांनी आधार म्हणून दिलंय, तिघांनीही पान एकतीस.

कुसुमावती : तिघेही बडोद्याचेच. त्या पुस्तकाच्या प्रती कुठे मिळतात?

भास्करराव : एक इथे. बाकी सगळ्या माझ्या घरी, फडताळात.

कुसुमावती : इथली मी काल काढून ठेवलीय. ही पाहा.

भास्करराव : ...याच्याही घड्या तशाच.

कुसुमावती : मला सांगायचं नव्हतं.

भास्करराव : सांगितलंत ते बरं झालं. एकतिसाव्या पानावर काय आहे माहितीय? आपल्या वाडी भागातल्या विहिरीचं पाणी खारं, दांडिया बाजारातलं गोडं.

कुसुमावती : छे! दांडिया बाजारात मी राहते. आमच्या पाण्यात डाळ शिजत नाही. वाडीतलं गोडं आहे.

भास्करराव : तपासताना बाटल्या माझ्याच हातून बदलल्या. पुस्तक छापून आल्यावर ध्यानात आलं. म्हटलं, कुणीतरी वाचेल, चिडून पत्र लिहील, मग कबूल करू.

कुसुमावती : अठरा वर्षं?

भास्करराव : टपालवाला आला की अजून दारात जातो मी.

कुसुमावती : या नव्या पुस्तकात तरी दुरुस्त केलंत?

भास्करराव : नाही. तिघांचा आधार होता ना त्याला.

कुसुमावती : फार वाईट वाटलं, मास्तर.

भास्करराव : मलाही. चाकू आहे?

कुसुमावती : आहे. टांग्याचं काय?

भास्करराव : परत पाठवा. जर्मन पुस्तक इकडे द्या आणि शब्दकोशही. मोडकंतोडकं का होईना, वाचतो.

कुसुमावती : आणि हे तुमचं?

भास्करराव : ते तुम्ही कापा. पान एकतीस वाचा, आणि मला एक पत्र टाका.